सुतार गावाला निघालेत, म्हणून दीड लाख?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : डोंबिवली पूर्वेला सत्तावीस वर्षं जुन्या इमारतीत आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. यजमान निवृत्त झाल्यावर घर एकदाच नीट करून घ्यायचं ठरवलं. नणंदेच्या ओळखीच्या ठेकेदाराला मटेरियलसकट नऊ लाखांना काम दिलं. त्याने सुरुवातीलाच निम्मे मागितले, आम्ही साडेचार लाख दिले (तीन लाख चेकने, दीड लाख रोख, पावती नाही). बाथरूमच्या टाइल्स लागल्यावर आणखी दोन लाख दिले. आता तो दीड लाख मागतोय : सुतारांचे द्यायचेत, नाही दिले तर ते गणपतीला गावी जातील आणि परत येणार नाहीत. मधल्या काळात हॉलची फरशी आम्हीच बदलून मोठ्या टाइल्सची घेतली. त्याचे वेगळे पैसे होतील म्हणाला होता, किती ते बोलणं झालं नाही. आम्ही जवळच अठरा हजार भाड्याने राहतोय. यजमान म्हणतात, माणूस आपला आहे, अडवून धरणं बरं दिसत नाही. मुलगा बंगळूरहून सांगतो, एक रुपया देऊ नका, तो फसवणार. मी दोघांच्या मध्ये. द्यावेत की नाही? आणि मुळात किती द्यायला हवे होते?

*

ताई,

पत्राबरोबर तुम्ही ठेकेदाराच्या अंदाजपत्रकाचा फोटो पाठवलात, हे फार बरं केलंत. अशा पत्रांत बहुधा आकडा नसतो, 'बराच पैसा गेला हो' एवढंच असतं. तुमच्याकडे आकडे आहेत, तेव्हा आधी ते मांडू. माणूस चांगला की वाईट हे नंतर पाहू. कदाचित ते पाहावं लागणारही नाही.

त्याच्याच कागदावर नऊ लाखांची फोड अशी आहे : तोडफोड आणि राडारोडा उचलणं ६०,०००, प्लंबिंग आणि दोन बाथरूमचं वॉटरप्रूफिंग १,४०,०००, फरशी आणि टाइल्स २,१०,०००, वायरिंग ९०,०००, ओटा आणि ट्रॉल्या १,६०,०००, सुतारकाम १,६०,०००, रंग ८०,०००. आता तुमच्या पत्रातलं झालेलं काम त्याच्यासमोर ठेवा. तोडफोड पूर्ण. प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग पूर्ण. टाइल्स दोन्ही बाथरूममध्ये आणि हॉलमध्ये लागल्या, बेडरूमची फरशी बाकी. म्हणजे २,१०,००० पैकी फार तर दीड लाखाचं काम. वायरिंग निम्मं, ४५,०००. ओटा, सुतारकाम, रंग यांना हातही लागलेला नाही.

बेरीज येते ३,९५,०००. तुम्ही दिलेत ६,५०,०००. म्हणजे आज तुमचे २,५५,००० रुपये त्याच्याकडे असे आहेत की ज्यांच्या बदल्यात घरात काहीही उभं नाही. हॉलच्या मोठ्या टाइल्सचे जास्तीचे ३५,००० धरले तरी दोन लाख वीस हजार उरतात. उरलेलं काम ५,०५,००० चं, तुमच्या हातात उरलेत अडीच लाख. दीड लाख दिलेत तर पाच लाखांच्या कामासमोर एक लाख उरेल. तेव्हा त्याने काम सोडलं, तर ते कुणाकडून आणि कशाने पुरं करणार?

हा प्रश्न मला यजमानांच्या आणि मुलाच्या दोन्ही मतांपेक्षा कामाचा वाटतो. ते दोघे एकाच गोष्टीवर वाद घालतायत : माणूस विश्वासाचा आहे की नाही. यजमान म्हणतात आहे, म्हणून द्या. मुलगा म्हणतो नाही, म्हणून देऊ नका. मला शंका अशी आहे की दोघांनीही पैशाला त्या माणसाच्या चारित्र्याचं प्रमाणपत्र करून टाकलंय. ठेकेदार अगदी सज्जन असला आणि उद्या त्याचा पाय मोडला, तरी तुमचे अडीच लाख तितकेच अडकतात. आणि तो जरा लबाड असला पण त्याच्याकडे तुमचा कामापुरताच पैसा अडकलेला असला, तर त्याच्या लबाडीने तुमचं फार काही जात नाही.

माझे वडील बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. तिथे मोजमाप पुस्तक असतं, सगळे त्याला एम. बी. (मेझरमेंट बुक) म्हणतात. काम मोजायचं, पुस्तकात नोंदवायचं, मग तेवढ्याच कामाचं 'रनिंग बिल' निघायचं, आणि त्यातूनही थोडी रक्कम सुरक्षा ठेव म्हणून कापून घ्यायची. ठेकेदार वडिलांच्या चांगल्या परिचयाचे असत, आमच्याकडे चहाला येत. त्यांनाही हे अपमानाचं वाटत नसे, कारण तो रिवाजच होता. गंमत म्हणजे आमच्या गावच्या घराचा सज्जा बांधताना याच वडिलांनी ओळखीच्या गवंड्याला न मोजता पैसे दिले आणि सज्जा दोन पावसाळे अर्धा राहिला. त्यांना विचारलं तर म्हणायचे, 'घरच्या माणसासमोर टेप काय काढायचा?' तेव्हा तुमचा संकोच मला नीट कळतो.

आता त्या सुतारांकडे येऊ. तुमच्या बेडरूमची फरशी अजून बसलेली नाही आणि वायरिंग अर्धं आहे. ज्या खोलीत फरशी नाही तिथे कपाट उभं कशावर करणार? भिंतीत खाचा पाडून पाइप टाकायचे, प्लॅस्टर करायचं, फरशी बसवायची, मग सुतार. म्हणजे आज साइटवर गरज आहे ती टाइलवाल्याची आणि वायरमनची. सुतारांना द्यायचे पैसे आज का निघाले, हे त्याला शांतपणे विचारा. कदाचित खरंच त्याने सुतार अडवून ठेवले असतील आणि ते दुसऱ्या साइटवर जाऊ नयेत म्हणून काही उचल द्यावी लागत असेल. पण माझा अंदाज वेगळा आहे. ते सुतार दुसऱ्या कुणाच्या घरी काम करून बसलेत, त्या मालकाने पैसे थकवलेत किंवा त्याचे पैसे आणखी तिसऱ्याच कामात गेलेत, आणि आता ती टोपी तुम्हाला घालायची आहे.

हेही विचारा की सुतार कुठले आहेत. कोकणातले असतील तर गणपतीला जाणारच, त्यांना कुणी अडवू शकत नाही आणि अडवूही नये. उत्तर प्रदेश-बिहारकडचे असतील तर त्यांची मोठी सुट्टी होळीला किंवा छठला असते. राजस्थानचे असतील तर दिवाळीला. प्रत्येक वेळी हा हिशेब जमेलच असं नाही, पण उत्तर देताना तो अडखळला तर तुम्हाला पुष्कळ कळेल.

यावरून तो फसवणारा आहे असा निष्कर्ष मी काढणार नाही, आणि मुलालाही तसं सांगा. छोट्या ठेकेदाराकडे भांडवल नसतं. दुकानदार उधारी देतो ती मर्यादित. आठवड्याला मजुरांची खर्ची द्यावीच लागते, मग मालकाकडून पैसे आलेले असोत वा नसोत. त्यात मागच्या एखाद्या मालकाने शेवटचे पन्नास हजार 'देतो, देतो' करत बुडवलेले असतात. अशी ठेच लागलेला माणूस पुढच्या कामाला निम्मे आधी मागतो. त्याच्या बाजूने ते शहाणपणाचंच आहे. फक्त त्याच्या धंद्याला भांडवल पुरवायचं काम तुमच्या निवृत्तीच्या पैशांनी करायचं नाही.

मुलाच्या 'एक रुपया देऊ नका'ला माझी हरकत यासाठी आहे की त्याने काम थांबतं. ठेकेदाराला फोनवरून नुसतं 'नाही' म्हटलंत तर तो भांडणार नाही, फक्त माणसं दुसऱ्या साइटवर लावेल. रोज 'उद्या येतो' म्हणेल. तुम्ही दरमहा अठरा हजार भाडं भरत बसाल, आणि ते भाडं बंगळूरला भरलं जात नाही.

म्हणून दीड लाख देऊ नका, पण नकार देऊन गप्पही बसू नका. त्याला येत्या रविवारी फ्लॅटवर बोलवा. फोनवर नको, नणंदेच्या घरी तर अजिबात नको. नणंदबाईंना या बैठकीत ओढलंत तर त्यांना कुणाची तरी बाजू घ्यावी लागेल आणि पुढची दहा वर्षं दर दिवाळीला तो विषय निघेल. तुम्ही आणि यजमान, दोघंच जा. अंदाजपत्रकाची प्रत, टेप, वही घ्या. खोलीखोलीतून फिरत झालेलं काम त्याच्याबरोबर लिहून काढा. मी वर धरलेले आकडे तुमच्या पत्रावरून आहेत. तो म्हणेल वायरिंग साठ टक्के झालंय, तर साठ धरा, एवढ्याशा फरकासाठी ताणू नका. त्याने प्लायवूड किंवा सनमाइका आणून ठेवलं असेल तर बिलं मागा. माल तुमच्या फ्लॅटमध्ये असेल तर तो झालेल्या कामात धरा. त्याच्या गोदामात असेल तर धरू नका, कारण तिथून तो कुणाच्याही घरी जाऊ शकतो.

मग त्याच्यासमोर असा क्रम ठेवा.

बेडरूमची फरशी आणि उरलेलं वायरिंग त्याने आधी दिलेल्या पैशांतच पुरं करायचं, नवे पैसे नाहीत. याला तो 'परवडत नाही' म्हणेल. परवडायला हवं, कारण त्याचे पैसे तुम्ही आधीच दिलेले आहेत. एवढं झालं की झालेलं काम पाच लाखांचं होईल आणि फरक दीड लाखावर येईल.

त्यानंतर सुतारकाम. इथे प्लायवूड, सनमाइका, बिजागऱ्या तुम्ही त्याच्याबरोबर दुकानात जाऊन घ्या. बिल तुमच्या नावाने, पैसे तुमच्या खात्यातून थेट दुकानदाराला, माल थेट फ्लॅटवर. समजा सत्तर हजार झाले, ते नऊ लाखांतून वजा. सुतारांची आठवड्याची खर्ची हवी तर तुम्ही थेट द्या, एकूण तीसेक हजारांपर्यंत, पण ठेकेदाराच्या मान्यतेने आणि त्याला दर वेळी मेसेज करून. त्याच्या पाठीमागून मजुरांना पैसे देऊ नका. मग तो म्हणतो 'मला कुठे मिळाले?', सुतार म्हणतो 'ते वरचे होते', आणि तुम्ही दोनदा देता. सुतारकाम पूर्ण होईल तेव्हा काम ६,६०,००० चं आणि दिलेले साडेसात लाख. फरक नव्वद हजारांवर आला.

पुढे ओटा आणि ट्रॉल्या. ओटा बसेल तसे आणि ट्रॉल्या लागतील तसे मिळून सत्तर हजार. इथे काम ८,२०,००० आणि पैसे ८,२०,०००, पारडी समान. रंगाचे ऐंशी हजार उरतात. त्यातले चाळीस रंग झाल्यावर द्या आणि चाळीस हातात ठेवा. हॉलच्या टाइल्सचा वाढीव आकडा याच बैठकीत ठरवून कागदावर लिहा आणि तो मात्र घासाघीस न करता मान्य करा. फरशी तुम्ही बदललीत, त्याने नाही.

यात त्याला एकही रुपया कमी मिळत नाही. फक्त पैसे आणि काम यांच्यातलं अंतर हळूहळू मिटत जातं. हे सगळं एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. तो माणूस सरळ असेल तर कुरकुरत का होईना मान्य करेल. अजिबात मान्य केलं नाही, तर तुमचे अडीच लाख त्याच्याकडे आता उरलेलेच नाहीत असं समजायला हरकत नाही, आणि हे दीड लाख देण्याआधी कळलेलं बरं.

मुळात किती द्यायला हवे होते, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बरेच वाचक अडतात, म्हणून थोडं सविस्तर. सगळे टक्केवारी विचारतात : पन्नास बरोबर की तीस? मला वाटतं टक्केवारी ठरवण्याआधी पैसा कशासाठी जाणार आहे ते बघावं. तोडफोडीला माल लागतच नाही, घण आणि माणसं लागतात. तिथे निम्मे पैसे कशाला? काम सुरू करायला दहा टक्के, फार तर पंधरा, एवढा इसार पुरतो. पहिल्या आठवड्याची मजुरी, सिमेंट-वाळू आणि राडारोड्याचा टेम्पो यात भागतात. त्या उलट ट्रॉल्या कारखान्यात तुमच्या ओट्याच्या मापाने बनवून घेत असाल, किंवा खिडक्या मापाने करून घेत असाल, तर तिथे निम्मे किंवा त्याहून जास्त आधी मागतात आणि ते वाजवी आहे. तुमच्या मापाची ट्रॉली दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. पण ते पैसे ऑर्डर देताना द्यायचे, घर फोडायच्या दिवशी नाही.

पुढचे हप्ते तारखेला बांधू नका. 'दर महिन्याच्या पाच तारखेला एक लाख' असं ठरवलं की काम झालं नाही तरी पाच तारीख उगवतेच. हप्ता कामाच्या टप्प्याला बांधा, आणि टप्पा असा निवडा की तो पुढच्या कामाने झाकला जाण्याआधी तपासता येईल. हे फार महत्त्वाचं आहे, कारण घरातल्या कामात जे बिघडतं ते बहुतेक भिंतीच्या आणि फरशीच्या पोटात असतं. पाण्याचे पाइप भिंतीत टाकले की प्लंबर हातपंपाने त्यांत दाब भरतो आणि गेज लावतो. काही तास काटा जागचा हलला नाही, तर मग खाचा बुजवायच्या आणि पैसे द्यायचे. वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावण्याआधी नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या वाटेचं, तोंड बंद करून बाथरूममध्ये तीनचार इंच पाणी अठ्ठेचाळीस तास साठवून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत पाहायचं. (नहाणी ट्रॅप हा शब्द देशभरातले प्लंबर वापरतात. आपल्या जुन्या घरांतली नहाणी गेली, नाव मात्र जाळीखाली शिल्लक राहिलं.) तुमच्या टाइल्स लागून गेल्यात, तरी ही परीक्षा अजून घेता येते. खालच्या कुटुंबाला सांगून या आठवड्यातच घ्या. गळती निघाली तर १,४०,००० चं काम 'पूर्ण' म्हणून मी जे धरलं ते खोडावं लागेल.

वायरिंगच्या खाचा बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप लावून. पुढे चित्र टांगायला खिळा मारताना उपयोगी पडतो. एसी आणि गिझरला चार एमएमची वायर, पॉवर पॉइंटला अडीच, दिव्या-पंख्याला दीड, हे वायरच्या बंडलावर लिहिलेलं असतं, भिंतीत गेल्यावर दिसत नाही. टाइल्स सुकल्यावर नाण्याने ठोकून पाहा, पोकळ वाजली तर खाली माल भरलेला नाही. ओट्याखालच्या प्लायवूडवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का पाहा. हे तपासायला इंजिनीअर लागत नाही, पण एखादा ओळखीचा निवृत्त सिव्हिलवाला असेल तर त्याला दोन वेळा रिक्षाभाडं आणि जेवण देऊन फिरवून आणा. सगळ्या पैशांत तो स्वस्त.

शेवटचे पैसे. इथे मी स्वतः फसलेली आहे, म्हणून जरा जोरात सांगते. आमचं स्वयंपाकघर केलं तेव्हा धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ठेकेदार आला. कामगारांना बोनस द्यायचाय, फक्त माळ्याचं एक दार राहिलंय, भाऊबीज झाली की येऊन लावतो म्हणाला. दिवाळी होती, घर नवंकोरं दिसत होतं, मी उरलेले तीस हजार काढून दिले. ते दार आजही दोरीने बांधलेलं आहे. तो वाईट माणूस नव्हता. एका दारासाठी सुतार, टेम्पो आणि अर्धा दिवस घालवावा असं त्याच्यासाठी माझ्याकडे काही उरलं नव्हतं, एवढंच. तेव्हा एकूण रकमेच्या पाचेक टक्के तरी घरात राहायला गेल्यावर दोनतीन महिन्यांनी द्यायची असं सुरुवातीलाच लिहा. नळ टपकतोय, दार घासतंय, टाइल्सच्या फटींतलं ग्राउटिंग निघतंय, हे राहायला गेल्यावरच कळतं. आणि ठरलेल्या दिवशी ती रक्कम न मागता द्या. शेवटचे पैसे बुडवणारे मालक आहेत, म्हणूनच पुढच्या माणसाकडे निम्मे आधी मागितले जातात.

मधल्या वाढीव कामांनी अंदाजपत्रकं फुटतात, तेव्हा 'एवढा एक पॉइंट वाढवा ना' म्हणण्याआधी दर विचारायचा आणि मेसेजवर घ्यायचा. एवढंच, त्यात फार काही नाही.

रोखीबद्दल मात्र थांबते. तुम्ही दीड लाख रोख दिले आणि पावती नाही. ठेकेदार बहुधा म्हणाला असेल, पक्कं बिल घेतलंत तर अठरा टक्के जीएसटी लागेल. नोंदणी असलेल्या ठेकेदाराच्या अशा कामाला तो लागतो हे खरं. पण ज्याची नोंदणीच नाही त्याला जीएसटी आकारता येत नाही, तेव्हा आधी नंबर विचारा. बिल असो नसो, पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्यायला त्याची अडचण असायचं कारण नाही. शिवाय एकाच व्यवहारात एका माणसाने दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्याला चालत नाही, आणि हप्ते पाडले म्हणून ते सुटत नाही. दंड घेणाऱ्याला होतो. आता इथून पुढे रोख बंद. दिलेल्या दीड लाखाची कबुली त्याच्याकडून लेखी घ्यायची, ती कशी ते खाली सांगते.

समजा रविवारी बोलणं फिसकटलं. तर त्याच दिवशी सगळ्या खोल्यांचे फोटो आणि व्हिडिओ काढा, झालेल्या कामाची यादी त्याला मेसेजने आणि स्पीड पोस्टाने पाठवा आणि काम पुरं करायला पंधरा दिवसांची मुदत द्या. आला नाही तर दुसऱ्या ठेकेदाराकडून उरलेल्या कामाचं लेखी अंदाजपत्रक घ्या. ते पाच लाखांपेक्षा जास्तच येईल, दुसऱ्याच्या अर्धवट कामात हात घालायला कुणी स्वस्तात तयार होत नाही. मग ग्राहक तक्रार. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथून कधीकधी समेट होतो. नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि दिलेली रक्कम पाच ते दहा लाखांमध्ये असेल तर शुल्क दोनशे रुपये. निकालाला वेळ लागतो, हे गृहीत धरा. आणि मुलगा 'पोलिसात जाऊ' म्हणेल, त्याला सांगा की काम अर्धवट टाकलं म्हणजे लगेच फौजदारी फसवणूक ठरत नाही. पोलिस बहुधा 'दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतील.

हे सगळं लिहिलं असलं तरी तुमची वेळ तिथवर येईल असं मला वाटत नाही. त्याने दोन बाथरूम आणि हॉल केलाय, तो गायब झालेला नाही, फोन उचलतोय. फक्त त्याला पैसे मागणं सोपं आणि तुम्हाला नाही म्हणणं अवघड झालंय.

आज संध्याकाळी हा मेसेज त्याला पाठवा. शब्द बदलले तरी चालतील, आकडे बदलू नका :

'नमस्कार भाऊ. आजपर्यंत तुम्हाला एकूण ६,५०,००० रुपये दिले (चेक ३,००,०००, रोख १,५०,०००, नंतर २,००,०००). बरोबर आहे ना, कळवा. रविवारी सकाळी दहाला फ्लॅटवर या, झालेलं काम आणि पुढचे पैसे दोन्ही एकत्र बसून लिहून घेऊ. बेडरूमची फरशी आणि वायरिंग कोणत्या दिवशी सुरू करताय तेही सांगा. सुतारांचं तिथेच ठरवू.'

त्याने 'हो' एवढं जरी लिहिलं तरी रोख दीड लाखांची कबुली हाती येते. पाठवण्याआधी यजमानांना वाचून दाखवा. त्यात न शोभणारा एकही शब्द त्यांना सापडला तर तो काढून टाका.